मीटरचे भाडे, मोबाइलचे भाडे: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील प्रवासाच्या एकाच दुखण्याविषयी होती. मोबाइलवरून मागवलेली गाडी बरी की हात दाखवून थांबवलेली रिक्षा-टॅक्सी बरी, असा साऱ्यांचा सूर होता. त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर थोडे लांबले आहे, पण त्यातील हिशेब पुढच्या उत्तरांनाही लागणार आहे.

प्रश्न: मी निवृत्त असून आठवड्यातून दोनदा पत्नीला घेऊन ठाणे स्थानकाजवळच्या दवाखान्यात जातो. अंतर साधारण 8 किलोमीटर आहे. मुलगा मोबाइलवरून मोटार मागवून देतो. तिचे कधी 150 रुपये होतात, तर कधी त्याच अंतराचे 270. रिक्षा मीटरने मिळाली तर 140 च्या आत काम होते, पण ती मिळेलच असे नाही. यांतले खरे भाडे कोणते समजायचे? शिवाय मुंबईत दिसते तशी काळी-पिवळी टॅक्सी आपल्याकडे का दिसत नाही?
— एक वाचक, वाघबीळ, ठाणे

उत्तर: दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. मुंबई शहरात, म्हणजे वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला, रिक्षाला परवानगी नाही; त्यामुळे तिथे टॅक्सी हेच रोजचे वाहन झाले. उपनगरांत आणि ठाण्यात ते काम तीन चाकांनी घेतले. मीटरची टॅक्सी ठाण्यात येऊ शकते, येतेही, पण नाक्यावर उभी राहून आपली वाट पाहणारे वाहन इथे पहिल्यापासून रिक्षाच. ज्या पद्मिनी टॅक्सीची आपल्याला आठवण येत असेल, ती तर मुंबईतूनही ऑक्टोबर 2023 अखेरीस गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तेव्हा ठाणेकर जेव्हा ‘ॲप की टॅक्सी’ असे विचारतो, तेव्हा तो बहुधा चार चाकांची तुलना तीन चाकांशी करत असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता भाड्याचे पाहू. मीटरचे दर मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण ठरवते. 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे 26 रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे 31 रुपये झाले. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला रिक्षाचे 17.14 आणि टॅक्सीचे 20.66 रुपये पडतात. आपल्या 8 किलोमीटरला हा दर लावला, तर रिक्षाचे सुमारे 137 रुपये होतात आणि साध्या टॅक्सीचे सुमारे 165. म्हणजे आपण लिहिलेला ‘140 च्या आत’ हा आकडा अगदी बरोबर आहे, आणि तो रिक्षावालाही सरळ माणूस आहे.

मोबाइलवरच्या मोटारीचे भाडे इतकी वर्षे कंपन्याच ठरवत आल्या. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, तरी राज्याचे स्वतःचे धोरण यायला मे 2025 उजाडले. त्या धोरणानुसार मागणी वाढल्यावर कंपनीला मूळ दराच्या दीडपटीपर्यंत जाता येते आणि मागणी नसताना 25 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई महानगर प्रदेशातील अशा मोटारींसाठी प्रति किलोमीटर 22.72 रुपये हा मूळ दर ठरला. आपल्या 8 किलोमीटरचे या दराने सुमारे 182 रुपये होतात. पूर्ण सूट मिळाली तर 136, आणि गर्दीच्या वेळचा कमाल दर लागला तर 273. आपले 150 आणि 270 हे दोन्ही आकडे या चौकटीत बसतात. खरे भाडे कोणते, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की दोन्ही खरी आहेत. मीटरचा दर एका रेघेसारखा आहे आणि ॲपचा दर एका पट्ट्यासारखा. आपल्याला 300 च्या वरचा आकडा दिसला असता, तर मात्र तक्रार करायला जागा होती.

या हिशेबात एक गंमत दडली आहे. पूर्ण सूट मिळालेली ॲपवरची मोटार किलोमीटरला 17.04 रुपयांना पडते, म्हणजे मीटरच्या रिक्षापेक्षा दहा पैशांनी स्वस्त. दुपारी अडीच-तीनला घोडबंदर रस्त्यावर वातानुकूलित मोटार रिक्षाच्या भावात मिळते ती यामुळे. (ॲपच्या बिलात वस्तू व सेवा कराचे 5 टक्के असतात, ते वेगळे धरावेत. रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या मीटरच्या रिक्षाला आणि टॅक्सीला हा कर लागत नाही.)

भाडे वर चढते ते रस्त्याच्या लांबीमुळे नव्हे. त्या वेळी त्या भागात गाडी मागणारे किती आणि मोकळ्या गाड्या किती, यावर ते ठरते. सकाळी नऊच्या सुमारास वाघबीळपासून कासारवडवलीपर्यंतच्या सगळ्या इमारती एकाच दिशेने रिकाम्या होत असतात आणि मोकळ्या गाड्या नेमक्या स्थानकाच्या बाजूला अडकलेल्या असतात. डॉक्टरांकडून साडेअकराची वेळ मागून घेता आली, तर आपले महिन्याचे काही शे रुपये नक्की वाचतील. ते जमत नसेल तर एक साधी गोष्ट करावी. आकडा चढलेला दिसताच गाडी न मागवता पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. हा दर मिनिटागणिक हलतो आणि पुष्कळदा खाली येतो.

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक बारीक बाब सांगतो, कारण तिच्यामुळे निम्म्या फेऱ्या बिघडतात. नकाशावरची खूण पुष्कळदा इमारतीच्या फाटकावर न पडता समोरच्या मार्गिकेवर पडते. चालक त्या बाजूला येऊन उभा राहतो. पुढच्या वळणावरून परत फिरून यायचे तर मेट्रोच्या कामातून त्याची दहा मिनिटे जातात आणि तो वैतागून फेरी रद्द करतो. गाडी मागवण्यापूर्वी ती खूण बोटाने सरकवून आपल्याच बाजूच्या एखाद्या दुकानावर आणून ठेवावी. मुलगा कार्यालयात बसून गाडी मागवत असेल, तर त्याला हे आवर्जून सांगावे, कारण त्याचा मोबाइल खूण त्याच्या कार्यालयावर ठेवायलाही कमी करत नाही.

माझा सल्ला विचाराल तर जाताना ॲपची मोटार घ्यावी आणि येताना स्थानकाबाहेरच्या रांगेतून मीटरची रिक्षा. जाताना वेळ गाठायची असते, सोबत आजारी माणूस असते आणि ॲपवर आधी दिसलेले भाडे वाहतूक तुंबली तरी सहसा बदलत नाही. मीटर मात्र उभ्या गाडीतही थांबण्याचा वेळ मोजत राहतो. येताना घाई नसते, आणि स्थानक परिसरात संध्याकाळी ॲपची गाडी शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात रांग पुढे सरकलेली असते.

प्रश्न: ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये माझी पाळी रात्री अकरा वाजता संपते. कंपनीची गाडी चुकली, तर कोपरखैरणेला घरी जायला ॲपची मोटार घ्यावी की नाक्यावरची रिक्षा? आई म्हणते रिक्षा उघडी असते म्हणून बरी. मैत्रिणी म्हणतात ॲपवर नोंद राहते म्हणून ते बरे.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण रात्री अकरानंतर मी नोंदीच्या बाजूने आहे. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि छायाचित्र, कोणत्या क्षणी गाडी कुठे होती याचा माग, या गोष्टी कुणी न मागताही जमा होत असतात. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी मोटारींमध्ये माग दाखवणारे यंत्र आणि संकटाच्या वेळी दाबायचे बटण बसवणे बंधनकारक आहे. रिक्षांना त्यातून सूट आहे. ते बटण गाडीत कुठे आहे, हे बसल्याबसल्या पाहून ठेवावे.

मात्र नोंद उपयोगी पडण्यासाठी आपण नोंदीतल्याच गाडीत बसलेले असायला हवे, आणि चूक बहुधा इथेच होते. पाऊस पडत असतो, पांढरी मोटार समोर येऊन थांबते, आपण दार उघडून बसतो. त्याऐवजी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत, मग पाटीचा रंग पाहावा. भाड्याच्या मोटारीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवर चालणारी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची मोटार खासगी असते, आणि चालक ‘दुसरी गाडी दुरुस्तीला आहे’ असे कितीही गोड सांगो, तिच्यात बसू नये. ओटीपी गाडीत बसल्यावरच सांगावा. ‘आधी फोनवर सांगा’ असे म्हणणाऱ्या चालकाची फेरी आपण न बसताच सुरू होऊ शकते.

रिक्षाच घ्यावी लागली, तर ती स्टँडवरून घ्यावी, चालत्या रस्त्यावरून नव्हे. स्टँडवर ओळखीचे चार चालक असतात आणि कोण कुणाला घेऊन गेला हे त्यांना ठाऊक असते. बसण्यापूर्वी मागच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून आईला पाठवावे आणि ते पाठवल्याचे चालकाला दिसेल असे करावे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरच्या भाड्यावर 25 टक्के अधिक द्यावे लागतात. अकरा वाजता नाही. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. तो आपण जाणताच, पण मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर आणून ठेवला आहे का, तेवढे आज पाहावे.

प्रश्न: मी कळव्यात बावीस वर्षे रिक्षा चालवतो. आता मोबाइलवरही भाडे घेतो. लोक म्हणतात रिक्षावाले माजले, भाडे नाकारतात, ‘कुठे जायचे’ विचारतात. आमची बाजू कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहाल का?
— एक रिक्षाचालक, कळवा

उत्तर: लिहितो, आणि आपल्याला न आवडणारा भागही लिहितो.

प्रवाशाला जे भाडे दिसते, ते चालकाला वेगळे दिसते. समजा एका फेरीचे 120 रुपये आहेत. प्रवासी दोन किलोमीटरवर उभा आहे, तिथपर्यंतचे इंधन चालकाचे. जिथे सोडायचे तिथून परतीचे भाडे मिळेलच असे नाही, तेव्हा ते इंधनही चालकाचे. कंपनी दलाली घेत असेल तर ती यातूनच जाते. चालकाला भाड्याचा किमान 80 टक्के वाटा मिळावा, असे धोरण सांगते. प्रवाशाने ऑनलाइन पैसे दिले तर ते आधी कंपनीकडे जातात आणि हिशेब होऊन मग खात्यात येतात. सीएनजीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र रोकड आत्ता हवी असते. ‘कॅश की ऑनलाइन’ हा प्रश्न प्रवाशाला उद्धट वाटतो, पण त्यामागे बहुधा रात्रीच्या गॅसचा आणि महिन्याच्या हप्त्याचा हिशेब असतो. काही कंपन्यांनी रिक्षांपुरती दलाली सोडून ठरावीक शुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. त्यात फेरीचे सगळे पैसे चालकाचे राहतात, पण प्रवाशाशी वाद झाला तर कंपनी पुष्कळदा हात वर करते.

रिकामे अंतर हा तर या धंद्याचा जुनाच आजार आहे. मीटर रिकाम्या फेरीचे काही देत नाही, म्हणून नाक्यावरचा चालक जवळचे भाडे टाळतो. जाऊन यायचे 26 रुपये आणि रांगेतला नंबर गेला. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ॲपच्या गाड्यांसाठी निदान 3 किलोमीटरचे भाडे धरावे असे म्हटले आहे, ते याच कारणाने. मीटरच्या रिक्षाला तेवढाही आधार नाही. इथवर आपली बाजू मला पटते.

आता दुसरा भाग. परवाना हा नुसता गाडी चालवण्याचा हक्क नाही. त्या बदल्यात शहराने आपल्याला स्टँड दिला आहे आणि आपले दर ठरवून दिले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 नुसार परवान्याच्या वाहनाने विनाकारण भाडे नाकारणे हा गुन्हा आहे. कारणे खरी असली तरी त्यांची किंमत स्थानकाबाहेर गुडघेदुखी घेऊन उभ्या असलेल्या बाईने द्यावी, हे मला मान्य नाही. ठाण्यातल्या लोकांनी मोबाइलवर गाडी शोधायला सुरुवात केली ती स्वस्त म्हणून नव्हे, असे माझे मत आहे. ‘जवळचे आहे, नाही येत’ हे शब्द दिवसातून चार वेळा ऐकावे लागू नयेत, म्हणून केली. आता ॲपवरही चालकाला ठिकाण दिसते आणि तेच शब्द फोनवर ऐकू येतात, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न: चालकाने फोनवर ठिकाण विचारले, ‘तुम्हीच कॅन्सल करा’ म्हणाला आणि हललाच नाही. शेवटी मी रद्द केले तर पुढच्या फेरीत रद्द केल्याचे पैसे माझ्याकडून कापले. काय करावे?
— एक वाचक, खारघर

उत्तर: गेल्या पावसाळ्यात माझेही असेच झाले होते. माजिवड्याला उभा राहून मी मोबाइलच्या पडद्यावर पाहत होतो. गाडीचे चिन्ह कापूरबावडीच्या पुलाखाली बारा मिनिटे तसेच होते आणि पडद्यावर मात्र ‘2 मिनिटांत पोहोचेल’ असे. मी रद्द केले आणि दंडही मलाच झाला.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आपण होऊन रद्द करायचे नाही. चालकाला ॲपच्या संदेशपेटीत ‘आपण येत आहात का?’ असे लिहून विचारायचे. फोनवरचे बोलणे सिद्ध करणे अवघड जाते, लिहिलेले राहते. उत्तर नाही आले तर गाडी हलत नसल्याचे, वेळ दिसेल असे, दोन छायाचित्र पडद्यावरून काढून ठेवायचे आणि मग रद्द करताना ‘चालकाने रद्द करायला सांगितले’ हे कारण निवडायचे. ‘बेत बदलला’ हे कारण घाईत दाबले की आपली बाजू तिथेच संपते.

राज्याच्या धोरणात चालकाने योग्य कारणाशिवाय फेरी रद्द केली, तर भाड्याच्या 10 टक्के किंवा 100 रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम प्रवाशाच्या खात्यात जमा व्हावी असे म्हटले आहे. प्रवाशाने रद्द केली, तर 5 टक्के किंवा 50 रुपये, यांतील कमी असेल ते. म्हणजे 200 रुपयांच्या फेरीवर आपल्याकडून 10 रुपयांहून अधिक कापले गेले असतील, तर ते जास्त आहेत. प्रथम ॲपमधूनच तक्रार करावी. ई-कॉमर्सच्या 2020 च्या ग्राहक नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रारीचा निकाल लावायचा असतो. पोच आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. परतावा कंपनीच्या कूपनच्या रूपात देऊ केला, तर तो बँक खात्यात मागता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ओला कंपनीला ग्राहकांना हा पर्याय देण्याचा आदेश दिला होता, त्याचा उल्लेख तक्रारीत जरूर करावा. रक्कम तीस-चाळीस रुपयांची असते म्हणून लोक सोडून देतात आणि कंपन्यांचा भरवसा त्यावरच असतो.

प्रश्न: ठाण्याहून मुलुंडला जाताना रिक्षावाल्याने ‘हद्द ओलांडली’ म्हणून हाफ रिटर्न आणि टोल मागितला. हे देणे लागतो का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: नाही. ठाणे आणि मुलुंड दोन्ही मुंबई महानगर प्रदेशात येतात, दोन्हीकडे मीटरचा दर एकच आहे आणि मीटरच्या दरपत्रकात ‘हाफ रिटर्न’ नावाची नोंदच नाही. टोलचे म्हणाल तर मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्येच माफ झाला आहे. पुढच्या वेळी बसण्यापूर्वीच ‘मीटरने ना?’ असे विचारावे आणि मीटर 26 वरून सुरू झाला आहे, हे पाहून घ्यावे.